वाचकांचे प्रश्न : घरगुती कॉफी ग्राइंडर निवडताना

प्रश्न : घरी आम्ही दोघेच असून सकाळ-संध्याकाळ दाक्षिणात्य पद्धतीची फिल्टर कॉफी घेतो. चिकमगळूरच्या भाजलेल्या बिया मागवतो आणि मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दळतो. डिकॉक्शन कधी पाच मिनिटांत गळून पाणचट होते, तर कधी फिल्टर तुंबतो आणि अर्ध्या तासाने जे उतरते ते कडू लागते. दुकानदार म्हणतात की बर ग्राइंडर घ्या. तो हाताने फिरवायचा घ्यावा की विजेवरचा, आणि बर पोलादाचे असावेत की सिरॅमिकचे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. मिक्सरचे पाते बिया दळत नाही, ते त्या आपटून फोडते. कोणता तुकडा किती वेळा पात्याखाली सापडेल याला धरबंध नसल्यामुळे एकाच भांड्यात वस्त्रगाळ पूड आणि अर्धवट फुटलेले तुकडे एकत्र तयार होतात. गरम पाणी पडले की पुडीतून कडवट द्रव्येही भराभर उतरतात, भरड तुकड्यांच्या गाभ्यापर्यंत मात्र पाणी पोचतच नाही आणि त्यांची चव आंबट व अपुरी राहते. पूड जास्त झाली तर ती फिल्टरची छिद्रे बुजवते, भरड जास्त झाली तर पाणी न थांबता निघून जाते, आणि यांपैकी आज काय घडणार हे मिक्सर दोन सेकंद कमी फिरला की जास्त, एवढ्यावर ठरते. बर ग्राइंडरमध्ये दोन दातेरी बर समोरासमोर असतात, त्यांतला एक स्थिर राहतो व दुसरा फिरतो, आणि दोघांमधल्या फटीतून जाण्याइतका बारीक झाल्याशिवाय कण खाली पडत नाही. विक्रेते काहीही म्हणोत, थोडी पूड यातही होतेच. परंतु तिचे प्रमाण बरेच कमी असते आणि फट बदलली नाही तर रोज जवळपास तेवढेच राहते.

दोघांच्या कॉफीसाठी हाताचा ग्राइंडर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सारख्या किमतीत हाताच्या यंत्राचे बर बहुधा सरस मिळतात, कारण तिथे मोटरीवर खर्च झालेला नसतो. लहान हातग्राइंडरमध्ये साधारण 20 ते 25 ग्रॅम बिया मावतात, म्हणजे दोघांचे एका वेळचे डिकॉक्शन होते, आणि तेवढ्या दळायला एखादे मिनिट लागते. मात्र हलक्या भाजलेल्या बिया टणक असतात व त्यांना जोर लागतो. मनगट किंवा खांदा दुखत असेल, अथवा घरात नेहमी चार-पाच जणांची कॉफी होत असेल, तर हा सल्ला बाजूला ठेवून विजेवरचाच घ्यावा, कारण कंटाळा येऊन कपाटात गेलेल्या उत्तम यंत्राचा उपयोग नाही. स्वस्त विजेवरच्या यंत्रांबाबत मात्र सावध राहावे. काहींच्या खोक्यावर बर असे छापलेले असले तरी आत धार नसलेले, ओबडधोबड दात्यांचे दोन तुकडे असतात. ते बिया कापण्याऐवजी चिरडतात आणि पुडीचा त्रास तसाच राहतो.

पोलाद की सिरॅमिक या प्रश्नाला दुकानांत वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते. सिरॅमिक गंजत नाही, पण बियांत एखादा खडा आला तर त्याचा टवका उडू शकतो. धारदार पोलादी बर बिया सहज कापतात, पण त्यांना पाणी लागू देता येत नाही. मी पोलाद निवडेन, तरीही त्याआधी मधला दांडा पाहीन. स्वस्त हातग्राइंडरमध्ये हा दांडा नीट धरलेला नसतो, त्यामुळे फिरवताना बर डुगडुगतो आणि फट एका बाजूला रुंद व दुसऱ्या बाजूला अरुंद होते. फट मोठी ठेवली की हा दोष अधिक जाणवतो, म्हणून फ्रेंच प्रेससारख्या भरड दळणाला अशी यंत्रे फार निराश करतात. दांडा वर व खाली अशा दोन ठिकाणी बेअरिंगने धरलेला आहे ना, हे विचारावे, आणि दुकानात आतला बर बोटाने बाजूला ढकलून तो हलतो का ते पाहावे.

सुरुवातीला फट अशी लावावी की दळण बारीक रव्याच्या आसपास येईल. डिकॉक्शन 15 ते 20 मिनिटांत उतरू लागले की ती जागा लक्षात ठेवावी. लवकर गळले तर एक खटका बारीक, तुंबले तर एक खटका जाड, असे एकेक पाऊल बदलावे. बदलानंतरच्या पहिल्या दळणात आधीचे कण मिसळलेले असतात, तेव्हा त्यावरून निष्कर्ष काढू नये. चिकोरी घालत असाल तर ती ग्राइंडरमध्ये मुळीच दळू नये. ती हवेतली ओल धरते आणि चिकट होऊन बरांत बसते. तिची तयार पूड आणून दळणानंतर मिसळणे बरे. त्यामुळे प्रमाणही आपल्या हातात राहते. (विकत मिळणाऱ्या कॉफी-चिकोरी मिश्रणात कायद्याने निदान 51 टक्के कॉफी असावी लागते, आणि प्रमाण पाकिटावर छापलेले असते.)

एस्प्रेसोचे यंत्र घेण्याचा विचार असेल तर हिशेब बदलतो. तिथे खटक्यांमधले अंतर फार लहान लागते आणि ग्राइंडरही बराच महाग पडतो. फिल्टर कॉफीसाठी तो खर्च करण्याचे कारण नाही.

प्रश्न : माझा भाऊ न्यू जर्सीहून दिवाळीला येणार आहे. तिथे विजेवरचे चांगले ग्राइंडर सहज मिळतात. एखादा आणायला सांगू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : विजेवरचा सांगू नये. अमेरिकेतील घरगुती वीज 120 व्होल्ट व 60 हर्ट्झची असते, आपली 230 व्होल्ट व 50 हर्ट्झची. पिना बदलणारा अडॅप्टर केवळ पिना बदलतो. तिथले यंत्र आपल्या बोर्डाला थेट लावले तर मोटर जळण्याचीच शक्यता अधिक. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तो जड असतो, मोटरीच्या वॉटला पुरेल असाच घ्यावा लागतो, आणि वारंवारतेतला फरक त्याने जात नाही. शिवाय दुरुस्तीची वेळ आली तर तिथली हमी इथे चालेलच असे नाही. भावाला हाताचा ग्राइंडर आणायला सांगितलात तर विजेची एकही अडचण उरत नाही.

प्रश्न : एवढे महाग यंत्र घ्यायचे तर त्यात गरम मसालाही दळता येईल का? आणि मूठभर तांदूळ दळले की ते साफ होते, हे खरे आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मसाला दळू नये. लवंग-दालचिनीचे तेल बरांच्या दात्यांत आणि प्लास्टिकच्या भागांत मुरते, आणि पुढे बराच काळ कॉफीला मसाल्याचा वास येतो. मसाल्याला मिक्सरच योग्य आहे. तांदळाचा उपाय ऐकीव आहे. कच्चा तांदूळ भाजलेल्या बियांहून कितीतरी टणक असल्याने मोटरीवर ताण येतो, आणि त्याची पिठी कोपऱ्यांत तशीच राहते. बर सोडवून कोरड्या ब्रशने झाडावेत. गडद भाजलेल्या तेलकट बिया वापरत असाल तर हे वरचेवर करावे. पूड भांड्याच्या कडांना चिकटून उडत असेल, तर तो स्थिर विजेचा परिणाम आहे. दळण्यापूर्वी बियांवर पाण्याचा एक थेंब टाकून त्या ढवळून घेतल्या की पूड चिकटणे कमी होते. थेंब एकच असावा, आणि तो बियांवरच पडावा, बरांवर नव्हे.