कारच्या एसीतून कुबट वास आणि डॅशबोर्डमधून टकटक आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो गॅस भरा. भरावा का?

नाही. भरू नका.

तुम्हीच लिहिलंय की एसी लावल्यावर पहिली काही मिनिटं कुबट वास येतो, आत कुठेतरी टकटक होते, पण गारवा झकास आहे. गारवा झकास असताना गॅस कमी कसा झाला, हे त्या मेकॅनिकला विचारलंत का? एसीचा गॅस बंद नळ्यांमध्ये फिरतो. तो पेट्रोलसारखा जळून खर्च होत नाही, आणि त्याला कुबट वास तर नसतोच. तरी वास आला की गॅस, आवाज आला की गॅस. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, त्याला कारण आमचे दाजी.

आमच्या गाडीला हाच वास होता. शिवाय वळण घेतलं की डॅशबोर्डमागे पाणी डचमळायचं. दाजी एकदा शेजारी बसले, दोनदा नाक ओढलं आणि निकाल दिला, "अरे, गॅस संपलाय. दर उन्हाळ्याआधी भरायचाच असतो." ताई म्हणाली, ह्यांना गाड्यांतलं कळतं. झालं. त्यांच्याच ओळखीच्या गॅरेजात गाडी गेली. तिथल्या माणसाने आधीचा गॅस काढला नाही, व्हॅक्यूम करून नळ्यांतली हवा ओढून घेतली नाही, वजन बघितलं नाही. एका बाजूला दाब मोजायचा गेज, दुसऱ्या हातात गॅसचा डबा, आणि काटा त्याच्या मनासारखा सरकेपर्यंत भरत राहिला.

वास तसाच. वर नवीन दुखणं सुरू झालं. गाडी रहदारीत अडकली की कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, बंद पडायचा आणि कोमट हवा यायची. गॅस जास्त झाला की दाब चढतो आणि ठरावीक मर्यादेला कॉम्प्रेसर आपोआप बंद केला जातो. उभ्या गाडीत कंडेन्सरला (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) वारा कमी मिळतो, म्हणून ते तिथे आधी दिसतं. दाजींचं म्हणणं, "अजून थोडा कमी पडला असेल."

मला वेगळीच गोष्ट खटकत होती. हवा दमट, एसी बराच वेळ चालू, आणि गाडीखाली पाण्याचा थेंब नाही. कूलिंग कॉइलवर हवेतली वाफ जमते आणि ते पाणी ड्रेन पाइपातून खाली गळतं. गळायलाच हवं. काही लोक तेच पाणी बघून घाबरतात, ते वेगळं. आमच्याकडे गळत नव्हतं, म्हणजे ते आतच साठत होतं. शेजारच्या सीटपुढची मॅट उचलली तर खालचं कार्पेट ओलं. गाडीखालून पाइपाचं तोंड शोधलं, मऊ नळी हलक्या हाताने आत घातली (तार खुपसू नका, कॉइलला भोक पडेल), आणि चिखल नि पाचोळ्यामागून तुंबलेलं पाणी धो धो बाहेर आलं. मग दुसरीकडे जाऊन मशीनने गॅस काढून मोजला. बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनापेक्षा चांगलाच जास्त निघाला. बहुतेक गाड्यांत सगळा मिळून अर्धा किलोच्या आसपास गॅस असतो, तिथे शंभर ग्रॅमचा फरकही कमी नव्हे. व्हॅक्यूम करून मापात भरला, कॉम्प्रेसर सरळ झाला.

दाजी आजही सांगतात, "बघ, गॅस भरल्यावर गेला ना वास!"

तर तुमचा वास. आधी केबिन फिल्टर बघा, बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. मग ड्रेन. तरीही राहिला तर कॉइलवर बुरशी धरली आहे, फोमवाल्या क्लीनरने धुऊन घ्या. पुढे मुक्काम यायच्या काही मिनिटं आधी एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवत जा, म्हणजे कॉइल सुकते. परफ्यूम टांगू नका. बुरशी अधिक परफ्यूम हा वास मी घेतलेला आहे.

टकटक बहुधा ॲक्च्युएटरची असेल. आतल्या हवेच्या झडपा फिरवणारी छोटी मोटर असते, तिच्या प्लॅस्टिक गिअरचे दात तुटले की ती जागेवरच टकटकत बसते. तापमान पूर्ण गारवरून पूर्ण गरमवर न्या. आवाज तेव्हाच आला तर तीच. ब्लोअरच्या वेगाबरोबर आवाज बदलला तर पंख्यात पान-बिन अडकलंय. इंजिनच्या वेगाबरोबर बदलला आणि एसी बंद असतानाही राहिला, तर पुलीचं बेअरिंग. एसी बंद केल्यावर थोडा वेळ सूं होतं, ते दाब समान होत असल्याचं, सोडून द्या.

आता दाजींच्या बाजूनेही बोलतो. गॅस कमी होऊ शकतो. गारवा हळूहळू कमी होत गेला आणि कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणारा क्लच दर काही सेकंदांनी कट-कट करत लागत-सुटत राहिला, तर शंका रास्त आहे. जुन्या गाडीत रबरी पाइपांतून आणि सीलमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतोही. पण मग गळती शोधा. गॅसबरोबर तेलही बाहेर येतं, जोडांवर तेलकट डाग दिसतात. नाहीतर गॅसमध्ये डाय (गळतीची जागा दाखवणारा रंग) टाकून किंवा नायट्रोजनचा दाब देऊन सापडते. "थोडा हवेत गेला तर काय बिघडलं" हेही मी जेवणाच्या टेबलावर ऐकलंय. कारच्या एसीत सर्रास असणारा आर-१३४ए गॅस हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या १३०० पटींहून जास्त उष्णता धरतो. युरोपीय संघाने २०१७ पासून नव्या कारमध्ये तो बंद केलाय तो उगाच नाही.

वास कुबट नसून गोडसर असेल आणि काचेवर चिकट धुकं धरत असेल, तर हीटरमधून कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) गळतोय. तो विषारी असतो, लगेच दाखवा. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला तर ब्लोअर तिथल्या तिथे बंद करून गाडी बाजूला घ्या. इंजिनाच्या धुराचा आला तर काचा उघडा, आणि वास कमी झाला म्हणून परत लावू नका. त्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. गाडी इलेक्ट्रिक असेल तर एसीच्या नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या, केबलींना घरी हात लावायचा नाही.

मेकॅनिक तरीही अडून बसला तर त्याला गेज लावायला सांगा आणि आकडे इथे लिहा. कमी दाबाचा आणि जास्त दाबाचा, दोन्ही. एकच आकडा घेऊन तर दाजीही येतात.