मनगटावर शेवग्याच्या शेंगेचा टॅटू काढायचाय, घरचे आणि ऑफिसातले लोक काय म्हणतील?

काढा की. ऑफिसातले दोन दिवस विचारतील, तिसऱ्या दिवशी विसरतील, प्रत्येकाला स्वतःच्या ईएमआयचं पडलेलं असतं. घरचे विसरत नाहीत. त्याचंच सांगते, कारण तुमचा प्रश्न वाचून माझं जुनं दुखणं वर आलं.

माझ्या उजव्या हातावर, कोपर आणि मनगटाच्या मधे, निवटी आहे. खाडीच्या चिखलातली, पंखांवर रांगणारी, डोक्यावर बटणासारखे डोळे असलेली मासळी. मी ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातली. आमच्याकडे ओहोटीला बाबा चिखलात उतरायचे, बिळाच्या एका तोंडावर पाय आणि दुसऱ्या तोंडातून कोपरापर्यंत हात आत, निवटी बाहेर. मग आई मीठ आणि राख चोळून बुळबुळ काढायची आणि कालवण. ज्यांनी खाल्लंय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही खाल्लं त्यांना सांगून उपयोग नाही.

तर टॅटू काढायला नौपाड्यात एका स्टुडिओत गेले. तिथल्या मुलाने आयुष्यात निवटी बघितलेली नव्हती. मोबाईलवर फोटो बघून त्याने जे कागदावर काढलं ती सरळसरळ पाल होती. शेपटी बारीक, चार पाय. अरे पाय नसतात तिला, म्हटलं, ते पुढचे पंख आहेत. दुसऱ्यांदा काढलं तर बेडूक. शेवटी वैतागून मी बाबांना सांगितलं आणि पुढच्या रविवारी रंगाच्या जुन्या डब्यात थोडा चिखल, थोडं खाडीचं पाणी आणि एक जिवंत निवटी घेऊन रिक्षाने ठाण्याला गेले. झाकणाला खिळ्याने भोकं पाडली होती, कारण तिची कातडी ओली राहिली आणि हवा मिळाली की ती पाण्याबाहेरही आरामात जगते.

तिथे झाकण उघडलं. दोन मिनिटं ती गप्प बसली, त्या पोराकडे बघत. मग तिने डोळे आत खोबणीत ओढले आणि परत वर काढले, ती डोळे असेच ओले करते, आणि तो पोरगा म्हणाला "डोळा मारला हिने!" तेवढ्यात तिने उडी मारली ती थेट खुर्चीखाली. पुढची पंधरा मिनिटं आम्ही दोघं फरशीवर पालथे, दारात पुढचं गिऱ्हाईक उभं, पाठीवर सिंह काढायला आलेलं. पण त्यानंतर त्याने जे स्केच काढलं ना, त्याला तोड नाही. तीन तास, साडेचार हजार. निवटी संध्याकाळी परत चिखलात सोडली, तिला खायचं धाडस मला झालं नाही.

बाबांनी हात धरून उजेडात नेला, नीट बघितलं आणि म्हणाले, "डोला बरा काढलाय. पन पख बारीक झाला." बस. आई एवढंच म्हणाली की आजीला आवडलं असतं. आजीच्या हातावर तुळस आणि विंचू होता, आणि ती सांगायची की मेल्यावर दागिने इथेच काढून घेतात, सोबत येतं ते गोंदण. म्हणजे आमच्या घरात टॅटू नवा नाहीच. विंचू चालतो तर निवटी का नाही?

नाही चालली ती ताईला. ताई लग्न होऊन घोडबंदर रोडला राहते, तेविसावा मजला. तिच्या मुलाच्या पाचव्या वाढदिवसाला तिने मला आदल्या रात्री फोन करून सांगितलं की फुल हाताचं घालून ये. मे महिन्यात! मी मुद्दाम बिनबाह्यांचं घालून गेले (हे चुकलं असेल, असो). तिच्या सासूबाईंनी विचारलं हे काय गं, आणि माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत ताई म्हणाली, "डायनासोर आहे, पिंट्याला आवडतात ना म्हणून."

डायनासोर. जी बाई लहानपणी माझ्या ताटातल्या निवट्या उचलून डोक्यासकट चोखायची.

किचनमधे गेल्यावर वाजलं आमचं. ती म्हणाली, शाळेत डबा उघडला की मुली बाक सोडून उठायच्या, त्या वासातून बाहेर यायला मला वीस वर्षं लागली आणि तू तोच हातावर कोरून आलीस. मग वर म्हणते, फ्लेमिंगो काढायचा होतास, तोही खाडीचाच. इथे माझं डोकं फिरलं. फ्लेमिंगो नवी मुंबईत भिंतीवर आहे, चौकात पुतळ्यात आहे, २०१५ ला खाडीत त्याच्या नावाने अभयारण्य झालं, २०२२ ला ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली. चांगलंच झालं, माझी काही तक्रार नाही. पण तो हिवाळ्यात येतो आणि पाऊस तोंडावर आला की बहुतेक थवे निघून जातात, पाहुणा आहे तो. निवटी बारा महिने तिथेच, प्लास्टिकच्या पिशव्यांमधून वाट काढत. पाहुण्याचे पुतळे आणि घरच्याला डायनासोर म्हणायचं, हे मला पटत नाही. ताईला डब्याचा त्रास झाला हे खरं आहे, मलाही झाला. पण लाज बाक सोडणाऱ्या मुलींना वाटायला हवी होती, निवटीला काय करायचंय.

ऑफिसचं राहिलंच. "पाल?" "सरडा?" एवढंच. एचआरने काही म्हटलं नाही. टीममधल्या सुंदरबनकडच्या मुलाने ती लांबूनच ओळखली आणि तेव्हापासून आमची दोस्ती आहे. वाशी लोकलमधे एका कोळणीने माझा हात ओढून "निवटी गो ही!" असं एवढ्या जोरात म्हटलं की अख्खा लेडीज डबा वळला.

आता तुमच्या शेंगेबद्दल. मनगटावर घासलं जातं, ऊन लागतं, बारीक रेघ काही वर्षांत पसरते. शेंग म्हणजे नुसती एक रेघ झाली तर पुढे तो जखमेचा वण वाटेल. कंगोरे दिसू देत, एखादी शेंग सोललेली काढा. सुई आपल्यासमोर पाकिटातून काढायला लावा. डायबेटिस असेल किंवा जखम झाल्यावर गाठी येत असतील तर आधी डॉक्टरला विचारा. आठवड्याभरात खाज सुटते, खाजवायचं नाही. रक्तदान करत असाल तर वर्षभर घेणार नाहीत. सैन्यात वगैरे जायचं असेल तर जागेचे नियम कडक आहेत, ते आधी बघा. आणि टॅटू लेझरने घालवता येतो म्हणतात ते खरं असलं तरी बऱ्याच वेळा जावं लागतं आणि काढण्यापेक्षा घालवायचा खर्च जास्त, शिवाय हिरवा रंग काळ्यापेक्षा चिवट. शेंग हिरवी करणार असाल तर हे लक्षात ठेवा.

घरी आधी विचारू नका. निदान मोठ्या बहिणीला तरी नाहीच.

पिंट्या अजून सगळ्यांना "मावशीचा डायनासोर" असंच सांगतो. या सुट्टीत ओहोटी बघून मी त्याला बाबांबरोबर चिखलात उतरवणार आहे. ताईला कळेल तेव्हा कळेल.