शेजारी कचरा डेपो आला. वावर विकावं की ठेवावं?

तालुक्याच्या गावापासून तीन किलोमीटरवर रस्त्याला लागून तुमचं चार एकर वावर आहे. शेजारच्या ई-क्लास (सरकारी चराईच्या) जमिनीवर नगरपंचायतीचा कचरा डेपो सुरू झाला आणि दलाल निम्म्या भावात मागतो आहे. डेपो उद्या बंद झाला तर भाव परत येईल का, असं तुम्ही विचारलं आहे. यवतमाळ जिल्ह्यात आमच्या घरी हेच घडलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, आज इसार घेऊ नका.

गावाजवळच्या, रस्त्यावरच्या जमिनीत दोन भाव मिसळलेले असतात, एक वावराचा आणि एक प्लॉटचा. डेपो आला की प्लॉटचा भाव जातो. २०१६ च्या घनकचरा नियमांत दिवसाला ५ टनांहून जास्त कचरा घेणाऱ्या जागेभोवती बांधकामाला बंदी असलेला पट्टा ठेवायला सांगितलं होतं. माणशी पाव किलो धरला तर २० हजार वस्तीच्या गावाचाच कचरा ५ टन भरतो. त्यामुळे लेआउट पाडणारा गिऱ्हाईक तुमच्याकडे फिरकणार नाही, हे धरून चाला. पण कापूस-तूर घेणाऱ्या शेतकऱ्याचा भाव लगेच निम्मा होत नाही. दलाल प्लॉटचा भाव गेल्याची भीती घालतो आणि जमीन वावराच्या भावाखाली उचलतो. माझ्या वडिलांनी घाबरून एक एकर दिलं. त्याच वर्षी आतल्या, पांदणीवरच्या वावराची खरेदी त्याहून जास्त भावाने झाली. ते घरात अजून कुणी विसरलेलं नाही. म्हणून तुमच्यासारख्याच मातीचं, रस्त्यापासून आत असलेलं वावर अलीकडे कितीला गेलं ते काढा आणि त्याच्या खाली उतरू नका.

अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रोज ५०० टन किंवा त्याहून जास्त कचरा घेणाऱ्या जागांना लागून असलेल्या घरांची किंमत सरासरी १३.७ टक्क्यांनी आणि लहान जागांजवळ २.७ टक्क्यांनी कमी आढळली. तिथला कचरा झाकलेला असतो, आपल्याकडे उघडा ढीग आणि उन्हाळ्यात आग, त्यामुळे ते आकडे इथे जसेच्या तसे लावू नका. पण ढीग केवढा आणि तुम्ही किती लांब, यावर घसरण ठरते, ही गोष्ट इथेही खरी आहे.

वावराच्या भावाला खरा धक्का बसतो तो पाण्याने. पश्चिम विदर्भात बहुतेक ठिकाणी काळ्या मातीखाली काळा पाषाण आहे आणि भूजल त्याच्या भेगांतून वाहतं. ढिगातून झिरपणारं काळं पाणी एकदा त्या भेगांत शिरलं की उताराकडच्या विहिरीत उतरतं. तुमची विहीर डेपोच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, हे मला तुमच्या प्रश्नात कुठेच दिसलं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या. एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळ्यानंतर. क्षार, क्लोराइड आणि नायट्रेट मुद्दाम पाहायला सांगा. सोबत डेपोच्या वरच्या बाजूच्या विहिरीचाही नमुना द्या. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाणी मुळातच खारं असतं, आणि नायट्रेट खतानेही वाढतं. तुलनेला दुसरी विहीर नसेल तर नुसत्या अहवालातून काहीच सिद्ध होत नाही.

दुसरा त्रास पन्नीचा, म्हणजे प्लास्टिक पिशव्यांचा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा साधारण पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणून डेपोच्या पूर्वेचं वावर जास्त सोसतं. आमच्या पऱ्हाटीत पन्नीचे तुकडे अडकतात, वेचणीत कापसाबरोबर येतात आणि जिनिंगवाला भाव पाडतो. धुऱ्यावरची ढोरं पन्न्या खातात. आमची एक गाय त्यानेच गेली. वास आणि कुत्र्यांमुळे बाया निंदायला यायला मागत नाहीत, आणि मजूर मिळत नाही म्हटल्यावर मक्त्याने घेणाराही पैसे कमी देतो.

आता डेपो बंद झाल्यावरचं. नियमांप्रमाणे भरावभूमी, म्हणजे कचरा भरलेली जागा, बंद केल्यावर १५ वर्षं तिच्यावर देखरेख ठेवायची असते. नंतरही वायू आणि झिरपणारं पाणी ठरलेल्या मर्यादेत असेल, जमीन स्थिर असेल, तरच वस्तीचा विचार होतो. हे बंधन उगीच नाही. भराव वर्षानुवर्षं खचत राहतो आणि आत मिथेन तयार होत असतो. मुंबईत मालाडला जुन्या भरावावर कार्यालयं उभी राहिली आणि तिथे वायूंमुळे संगणक बिघडतात अशा बातम्या आल्या होत्या. न्यूयॉर्कचं फ्रेश किल्स २००१ मध्ये बंद झालं, तिथल्या उद्यानाचा पहिला मोठा भाग उघडायला २०२३ उजाडलं. त्यामुळे 'डेपो गेला की वस्ती होईल' या आशेवर जमीन धरून ठेवू नका.

मात्र लहान गावांचा ढीग चाळून मोकळा करता येतो. त्याला बायोमायनिंग म्हणतात, आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या (नागरी) दुसऱ्या टप्प्यात त्याला निधीही आहे. प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातं, दगड-विटा भरावाला. ढीग हलला की वास आणि पन्नी थांबते आणि वावराचा भाव सावरायला लागतो. विहिरीला मात्र जास्त वर्षं लागतात. चाळणीतून निघालेली बारीक माती कुणी खत म्हणून फुकट देत असेल तर तपासल्याशिवाय वावरात टाकू नका. त्यात काच आणि जड धातू असू शकतात.

तेव्हा तुमच्या नगरपंचायतीत लेखी अर्ज देऊन तीन गोष्टी विचारा: डेपोवर रोज किती टन कचरा येतो, ओला-सुका वेगळा होतो का, आणि ढीग चाळण्याचा ठराव झाला आहे का. नगर रचना कार्यालयातून झोन दाखलाही काढा, म्हणजे बंदीचा पट्टा तुमच्या गटावर येतो का ते कळेल. तरीही विकायचंच ठरलं तर एक लक्षात असू द्या: सौदा कितीही स्वस्तात झाला तरी मुद्रांक शुल्क रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दराच्या, किमतीखाली लागत नाही. घेणारा ते तुमच्याच भावातून कापायला बघेल.

आम्ही उरलेलं तीन एकर ठेवलं आहे. विहीर वरच्या अंगाला आहे, पाणी दोन्ही वेळा चांगलं निघालं, आणि डेपोच्या बाजूच्या धुऱ्यावर बांबू लावला आहे.