पॅन्ट्रीत जायची लाज वाटते

प्रश्न : ताई, मी साताऱ्याचा, अमेरिकेत मास्टर्स करतोय. भाडं आणि फी भरली की हातात काहीच उरत नाही, महिनाअखेरीला मॅगी नाहीतर कधी नुसतं पाणी पिऊन झोपतो. कॅम्पसवर फूड पॅन्ट्री आहे, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना फुकट किराणा मिळतो ती जागा, पण जायची लाज वाटते आणि व्हिसाचं काही होईल का ही भीती पण आहे. बाबांनी लोन काढलंय म्हणून घरी बोललो नाही.

उत्तर : अरे बाळा, पाणी पिऊन झोपतोस हे वाचून पोटात तुटलं बघ. आधी व्हिसाचं, पॅन्ट्रीतून डाळ-तांदूळ आणणं म्हणजे सरकारी रोख मदत घेणं नव्हे, तेव्हा ती भीती नको. सरकारची फूड स्टॅम्पची, म्हणजे किराण्यासाठी मदत देणारी योजना वेगळी, ती एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावाल्यांना मिळतच नाही आणि सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, मग अशा वेळी तुझ्यासारख्यांनी जायचं कुठं? म्हणून तर मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत १९९३ला विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांसाठी फूड बँक काढली, आता शेकडो कॅम्पसवर अशी सोय आहे. बहुतेक ठिकाणी स्टुडंट आयडी दाखवला की झालं, तरी नियम एकदा विचारून घे.

आणि लाजेचं म्हणशील तर आपल्याकडे कितीतरी पोरं वार लावून जेवून शिकली, त्यात कसला आलाय कमीपणा. राजमा, छोले, तांदूळ बऱ्याचदा मिळतात, मसाला तुझ्याकडे असेलच. याच आठवड्यात जा, आणि रविवारी आईला फोन करून खरं काय ते सांग.