पोट कमी करायचंय? आधी ताटाकडे बघ

भावा, नुसते क्रंचेस मारून पोटाची चरबी जात नाही. ज्या भागाचा व्यायाम, तिथलीच चरबी कमी होईल असं शरीर चालत नाही. ती सगळीकडून उतरते. म्हणून सुरुवात जेवणापासून कर. कडक भाकरी सोडू नकोस, ज्वारीत तंतू चांगले असतात. हात आखडायचा तो शेंगाचटणीवर. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत 550 च्या वर कॅलरी असतात, आणि आपण वर तेलही ओततो! एक चमचा घे, सोबत वाटीभर मटकीची उसळ, काकडी, दही. ऑफिसातला चहा दोनदाच, साखर निम्मी, खारी बंद.

आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं हवंच. उन्हाळ्यात आपल्या सोलापुरात आठनंतर बाहेर पडवत नाही, तेव्हा सहालाच सिद्धेश्वर तलावाकडे निघ. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग ठेव. आठवड्यातून दोनदा जोर-बैठका. तासाला एकदा खुर्चीतून ऊठ, पाण्याची बाटली स्वतः भरून आण.

काट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेव. श्वास सोडून मोज. पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत हवी. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचार.