परदेशात स्वयंसेवक म्हणून गेल्यावर घरच्यांशी रोज संपर्क कसा ठेवावा?

तुम्ही निपाणीच्या, केनियातल्या एका शाळेत आठ महिने शिकवायला चाललाय, मागे आईवडील दोघंच, आणि विचारताय की रोज व्हिडिओ कॉलला कुठलं ॲप बरं. व्हॉट्सॲप. झालं उत्तर. पण रोज व्हिडिओ कॉल करू नका. "जेवलीस काय", "हो, जेवले", "पाऊस हाय काय" याच्या पुढं गाडी जात नाही, आणि चेहरे दिसले म्हणजे घरात सगळं आलबेल आहे असा भलताच भरवसा बसतो. आमच्या घरानं या भरवशाचा चांगलाच फायदा घेतला.

मी येळ्ळूरची, बेळगावात लॅब टेक्निशियन. 2022 मध्ये मलावीत, ब्लँटायरच्या बाहेर एका मिशनच्या दवाखान्यात स्वयंसेवक होते. त्या जानेवारीत आना वादळानं शिरे नदीवरचं कपिचिरा वीजकेंद्र मोडून ठेवलेलं. जवळपास 130 मेगावॉटचं केंद्र, त्यामुळं वर्षभर लाईटची बोंब. लाईट गेली की थोड्या वेळानं टॉवरही मान टाकायचा. तरी सांगते, अडचण तिकडची नव्हतीच. तिकडं आज ना उद्या रेंज यायची. इकडं आईचा फोन गुड मॉर्निंगच्या गुलाबांनी इतका भरलेला, की माझा व्हॉइस मेसेज उघडायलाच जागा नसायची.

फोन रविवारी आणि बुधवारी. तिथले दुपारचे साडेचार म्हणजे आपले रात्रीचे आठ. ऑक्टोबरच्या शेवटाला बाबा फोनवर येईनासे झाले. आई म्हणायची, सुगी हाय, शिवारातनं आले नाहीत अजून. वहिनी म्हणायची, आंघोळीला गेलेत. दादा म्हणायचा, दमून झोपलेत बघ. भातकापणीच्या दिवसांत तिन्ही पटण्यासारखं.

मग आला 1 नोव्हेंबर. लांबच्या वाचकांसाठी सांगते: 1956 साली याच दिवशी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातलं गेलं, म्हणून इथले मराठी लोक तो काळा दिवस पाळतात आणि संभाजी उद्यानातनं निषेध फेरी निघते. बाबांची फेरी चुकलेली मला आठवत नाही. कापणी मध्येच टाकून जायचे. काळा शर्ट आदल्या रात्रीच इस्त्री होऊन खुंटीला. त्या दिवशी वर्गमैत्रिणीच्या स्टेटसला फेरीचे फोटो आले. येळ्ळूरची मंडळी नेहमीसारखी घोळक्यानं. बाबांचे दोस्त तात्या काळी फीत बांधून पुढं, आणि त्यांच्या शेजारी दुसराच कुणीतरी. फोटो मोठा करकरून मागची डोकीसुद्धा तपासली. बाबा नाहीत.

दादाला नाही, थेट तात्यांना फोन लावला. "पोरीला सांगू नका" असं त्यांना कुणी बजावलेलंच नव्हतं. "अगं आता बरं हाय की! परवाच दवाखान्यातनं घरी आणलं. एक स्टेंट घातलाय." मला ठाऊकच असणार असं धरून ते सांगत सुटले. छातीत कधी कळ आली, रात्री कुणाची गाडी काढली, बिल किती झालं, सगळं.

दादाचं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: "सांगून तू काय करणार होतीस गं तिथनं? विमानानं येऊन सलाईनची बाटली धरणार होतीस?" वहिनी त्याचीच री ओढते. तर दादा, चारचौघांत उत्तर देते. ट्रोपोनिनचे, म्हणजे हार्ट अटॅक ओळखायच्या रक्ततपासणीचे रिपोर्ट मी परक्या माणसांचे वर्षानुवर्षं काढलेत, बाबांचा तेवढा मला दाखवायचा नाही? फोटो काढून पाठवायला कितीसा वेळ लागतो? डॉक्टरना काय विचारायचं ते तरी सांगितलं असतं. आणि समजा काहीच करता आलं नसतं, तरी यायचं की नाही हे मी ठरवायचं होतं. ब्लँटायर, अदिस अबाबा, मुंबई, पुढं रात्रीची बस. दोन-तीन दिवसांत दारात असते. "तुला त्रास नको म्हणून" म्हणे! मी फोन करकरून डोकं खाल्लं असतं, तो त्रास वाचला, आणि तो तुमचा. तू पुण्यात असताना आईला डेंगू झाला, तेव्हा तुला तासातासाला खबर मिळत होती. देणारी मीच.

तेव्हा ताई, जाण्याआधी आईवडिलांना समोर बसवून ठरवा: कुणाला ॲडमिट केलं तर त्याच दिवशी कळवायचं. ते हो म्हणतील आणि पाळणार नाहीत. म्हणून घराबाहेरचा एक माणूस हाताशी ठेवा. शेजारचा मेडिकलवाला उत्तम; कोण अचानक कसल्या गोळ्या न्यायला लागलंय ते त्याला पहिल्यांदा कळतं. आईवडिलांना आधी सांगून ठेवा, म्हणजे चोरी नको. काका-मामा नकोत, ते सगळे एकाच माळेचे मणी. कॉल आठवड्यातनं दोनदा, ठरलेल्या वारी. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागं, तेव्हा शाळा सुटली की लावा, इकडची जेवणं व्हायच्या आत. आणि दोघांशी वेगवेगळं बोला. आई शेजारी बसलेली असेल तर वडील स्वतःच्या तब्येतीबद्दल "बरं हाय"च्या पुढं तोंड उघडत नाहीत.

आता हे सगळ्या घरांना लागू पडेल असं नाही. पेशंटनंच "तिला सांगू नका" म्हटलं तर बाकीच्यांचीही पंचाईत होते. आमच्या बाबांनी तसं म्हटलं होतं असं दादा सांगतो. बाबांना विचारलं तर नुसते हसतात. त्या रात्री सगळी धावपळ दादानं एकट्यानं केली, तेही नाकारत नाही.

सिमचं विचारलंत ते राहिलंच. तिथं सफारीकॉमचं घ्या, पासपोर्ट दाखवून नोंद करावी लागते. इथला नंबर मरू देऊ नका, बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो. आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधी चालू करून घ्या. वापराविना 90 दिवस गेले की कंपनी नंबर बंद करू शकते, म्हणून रिचार्जही तिथून स्वतःच करत जा, घरच्यांवर सोपवू नका. आणि आईच्या फोनमधलं फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेणं आजच बंद करा.