वाचकांचे प्रश्न : शिध्याआधी कागद

प्रश्न (मिरज) : पाकिस्तानातल्या सिंधमधून 2023 साली आलेलं एक हिंदू कुटुंब आमच्या गल्लीत भाड्याने राहतं. नवरा-बायको आणि 12 वर्षांचा मुलगा. दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळाला आहे. आमचं महिला मंडळ आठ महिने शिधा आणि निम्मं घरभाडं देतंय. पण नवरा अजून रोजंदारीवरच आहे आणि मुलगा घरी बसून आहे. आमचं काय चुकतंय?

उत्तर : शिधा देण्यात काहीच चूक नाही. मात्र तुमच्या पत्रात बँक खात्याचा कुठेच उल्लेख नाही. गाडं बहुधा तिथंच अडलंय.

या व्हिसावर खासगी नोकरी आणि स्वतःचा धंदा, दोन्ही चालतं. आधार, पॅन आणि वाहन परवानाही काढता येतो. क्रम मात्र नीट लावावा लागतो : आधी आधार, मग पॅन, मग खातं. आधारसाठी अर्जाच्या आधीच्या 12 महिन्यांत किमान 182 दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. खातं नेहमीचं बचत खातं नसतं, ते ‘एनआरओ’ (अनिवासी साधारण खातं) असतं आणि माणशी एकच उघडता येतं. शाखेतल्या माणसाने असं खातं पूर्वी उघडलेलं नसेल, तर तो सरळ ‘होत नाही’ म्हणून परत पाठवतो. अशा वेळी वाद घालू नका. परकीय चलन ठेवींच्या नियमांत 2018 साली झालेली दुरुस्ती शाखा व्यवस्थापकांना दाखवा आणि लेखी उत्तर मागा. खातं झालं की गणपती पेठेतलं दुकान असो वा कुपवाडचा कारखाना, पगार रीतसर जमा होऊ शकतो. बायकोचं खातंही वेगळं उघडा. हे हमखास राहून जातं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मुदतीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. परदेशी नागरिकाच्या आधारची मुदत व्हिसाला बांधलेली असते. व्हिसा वाढवला पण आधार अद्ययावत केलं नाही, तर बँकेचं केवायसी अडकतं आणि कमावता माणूस पुन्हा तुमच्या शिध्यावर येतो. तिघांच्या तारखा एका वहीत लिहा. मुदतवाढीचा ऑनलाइन अर्ज दोन महिने आधी भरा. घर बदललं तर जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या परकीय नागरिक नोंदणी विभागाला कळवा. प्रत्येक कागदावर नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच असू द्या. आणि मूळ कागद मंडळाच्या कपाटात नकोत, ते त्यांच्याच घरी राहू द्या. ज्याचे कागद दुसऱ्याच्या हातात, तो मोकळा झाला असं कसं म्हणायचं?

नागरिकत्वाची घाई करून उपयोग नाही. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यातली सवलत 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांनाच आहे. सर्वसाधारण वाटेने अर्जापूर्वीचे सलग 12 महिने आणि त्याआधीच्या 14 वर्षांत मिळून 11 वर्षांचं वास्तव्य लागतं. तोवर त्यांचा सगळा संसार या व्हिसावरच उभा राहणार आहे.

मुलाचं काम मात्र या आठवड्यातच करा. शिक्षण हक्क कायद्यानुसार त्याला वयाप्रमाणे वर्गात, म्हणजे साधारण सातवीत, प्रवेश मिळायला हवा. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला नाकारता येत नाही. तिकडे सिंधी अरबी वळणाच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहितात. त्यामुळे तो देवनागरीत अडखळला तर त्याला ‘कच्चा’ ठरवून दुसरीत बसवण्याचा आग्रह होऊ शकतो. तो मान्य करू नका, कायद्यातलं विशेष प्रशिक्षण मागा. मंडळातल्या कुणी रोज तासभर बाराखडी घेतली, तर तुमच्या पोतंभर गव्हापेक्षा ती जास्त उपयोगी पडेल.

भाडं एकदम तोडू नका. पगार सुरू झाला की दर दोन महिन्यांनी थोडं कमी करा, पण किती आणि कधी ते आधीच सांगून ठेवा.

प्रश्न (तासगाव) : संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्ड असलेल्या अफगाण मुस्लिम कुटुंबालाही हीच वाट आहे का?

उत्तर : नाही. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. ते कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, त्यावर आधार निघत नाही आणि खातंही सहसा उघडत नाही. वर सांगितलेल्या सवलती पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांपुरत्या आहेत. बाकीचे बाहेर राहतात, ही आमच्या मते मोठी उणीव आहे. तरी 6 ते 14 वयाच्या मुलांच्या शाळेसाठी अडून बसा. राज्यघटनेतलं जगण्याच्या हक्काचं कलम 21 नागरिक नसलेल्यांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली सांगितलं आहे. परदेशी माणूस राहायला आल्याची माहिती 24 तासांत ऑनलाइन द्यावी लागते, हे घरमालकाला पहिल्याच दिवशी सांगा. ते राहिलं तर त्रास मालकाला होतोच, आणि त्या कुटुंबाला पुढे कुणी घर देत नाही.